दहाव्याला दिलेला शब्द

सोमवार, १ नोव्हेंबर १८९७

आज नव्या जागेत आलो. ठाकूरद्वाराजवळची आवळेवाडी, दुसरी चाळ, पहिला मजला. दोन खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने भाड्याच्या जागेचे इतके कौतुक करावे का, कळत नाही. पण आपले दार अंगणातून कसे दिसते हे पाहण्यासाठी मी सकाळपासून तीनदा जिना उतरून पुन्हा चढलो.

सगळे हाकेच्या अंतरावर आहे. माझी शाळा सहा मिनिटांवर. भाजीबाजार त्याहून जवळ. संध्याकाळी वाटले तर चौपाटीपर्यंत पायी जाऊन दिवेलागणीच्या आत परत. आणि ज्या एका कारणासाठी रत्नागिरीची बस्तान बसलेली नोकरी सोडली, ती मुलींची शाळा वाडीच्या तोंडापासून चारशे वीस पावलांवर आहे. मोजली. मालन नऊ वर्षांची; तिला सहाशे पडतील. वाटेत एकही मोठा रस्ता ओलांडायचा नाही. सुभद्रेचा शेवटचा आक्षेप तोच होता, पोरीला घोड्यांच्या ट्रामखाली घालणार का म्हणून. आता तो उरला नाही. "मुलीला शिकवून काय करायचे" हा पहिला आक्षेप उरला आहे, पण तो तिचा नसून माझ्या आईचा आहे.

घरमालकाचा भाडे गोळा करणारा मेहता किल्ली देताना म्हणाला, मास्तरसाहेब, हवा बघा, उजेड बघा, असा माल पुन्हा मिळायचा नाही. इतकी चांगली जागा रिकामी कशी, असे मी विचारले. गेल्या हिवाळ्यात गाठीच्या तापाला, प्लेगला भिऊन अर्धी मुंबई पळाली, ती अजून पुरती परतलेली नाही, असे तो म्हणाला. हे खरेच आहे. भिंतींना ताजा चुना आहे. वासाने जरा डोके जड झाले.

रीतीप्रमाणे दूध उतू घातले. पुरुषाने एकट्याने घातलेले चालते की नाही, ठाऊक नाही. तुळशीचे लग्न झाले की सुभद्रा, मालन आणि सोबतीला मेहुणा हरेश्वर असे बोटीने येतील. बारा दिवस.

मंगळवार, २ नोव्हेंबर

शेजारी चांगले आहेत. डाव्या हाताला गणपत, छापखान्यात खिळे जुळवतो, आणि त्याची बायको काशीबाई. माझ्या चुलीचा धूर गॅलरीभर झाला तेव्हा काशीबाईने दारातूनच विचारले, मास्तर, चूल पेटवताय की पुस्तकं जाळताय? मग आत येऊन दोन फुंकरांत पेटवून दिली आणि म्हणाली की बायको येईपर्यंत भाकरी मी थापीन, तुम्ही फक्त धूर करू नका. मी संकोचलो. तेव्हा म्हणाली, "लाजताय काय, अडल्या वेळी लागतं कुणीतरी."

आतल्या खोलीत खिडकीखालच्या कोपऱ्यात शेणाचे सारवण बाकीच्या जमिनीहून नवे आहे, हातभर जागा. तिथे काय होते, असे मी सहज विचारले. काशीबाई म्हणाली, काही नाही, आणि भाकरी उलटायला म्हणून उठून गेली.

बुधवार, ३ नोव्हेंबर

कळले. शाळेतून येताना गणपत भेटला, त्याला सरळ विचारले. त्याने सरळ सांगितले.

माझ्या जागेत शेवंतीबाई नावाची विधवा राहत होती. पापड लाटून पोट भरायची. सत्तावीस ऑक्टोबरला तापाने गेली. गाठ नव्हती, साधा ताप, असे गणपत दोनदा म्हणाला. एक मुलगी होती, शांती, नऊ वर्षांची. तिलाही ताप आला म्हणून घरोघर फिरणाऱ्या तपासणीवाल्यांनी आई जाण्याआधीच तिला दवाखान्यात नेले. बाईचा दीर लवू परळच्या गिरणीत आहे, तो क्रियाकर्मासाठी गॅलरीच्या टोकाच्या खोलीत उतरला आहे. म्हणजे सुतक चालू असताना मी मेलेल्या बाईच्या घरात दूध उतू घातले.

मेहत्याने सांगितले नाही, हा त्याचा दोष. पण मी तरी विचारले का? "अशी जागा रिकामी कशी" हे मी विचारले खरे. उत्तर सोयीचे मिळाल्यावर पुढचा प्रश्न केला नाही. मला ती चारशे वीस पावले हवी होती.

लवूकडे जाऊन क्षमा मागितली. साधा, थकलेला माणूस. म्हणाला, मास्तरानु, खोली मालकाची, तुमचो काय दोष? परवा दहावा आहे, बाणगंगेवर, चार माणसे नाहीत पिंडाला, आलात तर बरे. येतो म्हणालो.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

सकाळी सातला निघालो. लवू, गणपत, भटजी आणि मी. चौपाटीवरून चढ चढून वाळकेश्वर, मग बाणगंगेच्या पायऱ्या. साडेआठला पिंड मांडला. कावळे पुष्कळ होते, पाण्याच्या पलीकडे, भिंतीवर, झाडावर. एकही येईना.

लवूने हात जोडून सांगितले की तेराव्याला सगळे यथासांग करीन. कावळा येईना. तुझी तुळस मी गावी नेतो. नाही. गणपत म्हणाला, वहिनी, तुझी पापडाची लाकडी पोळपाटं काशीनं जपून ठेवली आहेत. नाही. अर्धा तास गेला. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, म्हणजे तो पिंडाला शिववून मोकळे व्हायचे. लवूचा चेहरा मला पाहवेना. खऱ्या कावळ्याने न शिवलेली भावजय त्याला आयुष्यभर सलत राहिली असती.

मला वाटले, ही माणसे साधी गोष्ट का विसरतात? आईचा जीव कशात अडकेल? मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "बाई, तुमच्या शांतीला मी घरी आणून देईन. तुमच्या त्याच खोलीत आणीन."

माझे वाक्य पुरे झाले आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लावली, एकदा, आणि गेला.

भटजी खूश झाले. लवूने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. येताना तो नि गणपत पुढे चालले होते, एक अक्षर बोलत नव्हते. मला वाटले, कृतज्ञता असावी.

आता हा प्रश्न: मी दयेने बोललो की शाळेची घंटा दहाला होते म्हणून? पायऱ्यांवर उभा असताना मी दोनदा घड्याळ पाहिले होते. काही असो. शब्द दिला आहे. मुलगी बरी झाली असेल तर तिला आणायचे, काकाच्या हवाली करायचे. त्याआधी एकदा खोलीत आणायचे. यात अवघड काही नाही.

संध्याकाळी काशीबाईला सांगितले. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. म्हणाली, "असं कसं बोललात हो, मास्तर?" भाकरी करपली.

शनिवार, ६ नोव्हेंबर

अर्ध्या दिवसाची शाळा. नंतर दोन दवाखाने पायी हिंडलो. पहिल्या ठिकाणी कारकून म्हणाला, नाव नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाला, मंगळवारी या, वही साहेबाकडे आहे. गणपतने कालच सांगितले होते, मास्तर, कशाला पायपीट करता, राहू द्या. त्याला माझ्या वयाची काळजी असावी.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. सकाळी रिकामी करून पालथी घातलेली कळशी काठोकाठ भरलेली होती. काशीबाईचे आभार मानले. ती म्हणाली, मी नाही भरली, कुलूप तुम्ही लावून गेलात ना?

रविवार, ७ नोव्हेंबर

दुपारी बारा. गॅलरीत बसून वह्या तपासत होतो. माझ्या दारातून शिकेकाई उकळल्याचा वास आला. चूल विझलेली होती. आत गेलो तर वास मागच्या खोलीत दाट, न्हाणीच्या मोरीपाशी, आणि मोरी ओली. रविवारी मुलीला न्हाऊ घालतात. सुभद्रा घालते.

शेजारच्या घरातला वास असेल. मोरीचे पाणी वरच्या मजल्यावरून गळत असेल. ही दोन्ही कारणे पुरेशी आहेत. मी ती स्वीकारतो.

भिंतीला टेकून ठेवलेले दोन पाट जेवायला मांडल्यासारखे समोरासमोर खाली होते. हे मी केले असेन. एकटा माणूस दोन पाट का मांडील, ते मात्र सांगता येत नाही. उचलून ठेवले आणि भिंतीवर त्यांच्या कडेने कोळशाने खूण केली.

सोमवार, ८ नोव्हेंबर

शाळेतून आलो. पाट खाली. कोळशाची खूण भिंतीवर जशीच्या तशी.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

वही पाहिली. कारकुनाने बोट ठेवून दाखवली ती ओळ: शांती, वय नऊ, आवळेवाडी. मृत्यू ता. २५ ऑक्टोबर.

पंचवीस. लक्ष्मीपूजनाचा दिवस. आईच्या दोन दिवस आधी.

परत कसा आलो, आठवत नाही. पायी आलो असणार, पाय भरून आले आहेत. सरळ लवूच्या खोलीत गेलो. तो बोचके बांधत होता. तेरावा झाला, उद्या गिरणीवर हजर व्हायचे. मी विचारले, तुम्हाला ठाऊक होते? तो म्हणाला, सगळ्या वाडीला ठाऊक होते, तुम्हाला सांगायला कोणाची जीभ उचलेना. आजारी बाईला सांगवेना, म्हणून शेवटपर्यंत तिला सांगितले, पोर सुधारतेय, येईल. ती खिडकीखालच्या त्या कोपऱ्यात, दाराकडे तोंड करून गेली.

मग तो म्हणाला, "आमी कोणी तां बोलाक नाय, मास्तरानु, कारण आमका म्हायत होतां. जां देऊक जमाचा नाय तां पिंडाफुडे बोलनत नाय. तुमी बोललात. कावळो शिवलो. म्हणजे तिना तां घेतल्यान."

मी म्हणालो, मला ठाऊक नव्हते. न जाणता दिलेला शब्द कसा बांधील? त्याने बोचके आवळले. मग म्हणाला, तुमी शिकलेले, तुमका म्हायत. तिका आपली पोर होई, म्हणजे हवी.

मी बी. ए. आहे. कावळ्याला भूक लागली की तो उतरतो, हे मला कळते. साडेआठपासून माणसे अंगावर ओरडत होती, माझ्या वाक्यानंतर ती थांबली, म्हणून तो उतरला. मला हे पटते. पण शब्द कावळ्याला दिला नव्हता.

बुधवार, १० नोव्हेंबर

आज खोलीत मोडकी फणी सापडली. न्हाणीच्या कोनाड्यात, धुऊन वाळत ठेवलेली. चुना देणाऱ्यांनी कोनाडा रिकामा करूनच चुना दिला होता, तो मी पाहिलेला आहे.

ती कोणाची तयारी करते आहे? तिच्या मुलीची. पण तिची मुलगी येणार नाही. या खोलीत येणारी नऊ वर्षांची मुलगी एकच आहे.

हे वाक्य लिहून अर्धा तास बसलो.

सुभद्रेला पत्र टाकले: येऊ नये, कारण मागाहून. मग पत्राचा भरवसा वाटेना म्हणून तारही केली. रत्नागिरीहून आमच्या गावी तार माणूस घेऊन जातो, दीड दिवस.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

सुभद्रेचे पत्र आले, रविवारी लिहिलेले. हरेश्वरला रजा आहे तोवर निघतो. शनिवारची बोट, रविवारी सकाळी धक्क्यावर या. मालन सगळ्या आळीला सांगत सुटली आहे की मी मुंबईच्या शाळेत जाणार. तिला नवे परकर शिवले.

तार पोचली असेल. नसली तर दोन दिवसांत दुसरी जागा पाहिजे.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

काल संध्याकाळी आणि आज शाळा चुकवून नऊ ठिकाणी जागा पाहिल्या. ठाकूरद्वार, गिरगाव, फणसवाडीपर्यंत. जागा रिकाम्या आहेत. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: सध्या कुठे राहता, का सोडता? मी सांगतो, आवळेवाडी, खोलीत मृत्यू झाला आहे. कशाने? तापाने. दार बंद.

सातव्या ठिकाणी ठरवून गेलो होतो की रत्नागिरीहून आजच आलो असे सांगायचे. घरमालकीण म्हातारी होती, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. त्या पोराकडे पाहिले आणि खरे बोललो. ती म्हणाली, "देव तुमचं बरं करो, पण पायरी उतरा."

शाळेतले गुणाजी मास्तर परळला राहतात. त्यांच्याकडे ओसरीची एक खोली आहे. उद्या दुपारी जाऊन विचारायचे. रविवारी धक्क्यावरून परस्पर तिकडे. मालनचे पाऊल आवळेवाडीत पडायला नको. थकलो आहे. आज कळशी, पाट, फणी कशाकडेही पाहिले नाही. कोणी तरी आपल्या कामात आहे आणि मी वाटेत आहे, असे वाटते. मला ती काही करत नाही. माझ्याशी तिला काही देणेघेणे नाही.

शनिवार, १३ नोव्हेंबर

गुणाजींनी ओसरी दिली. एक शब्द न विचारता. परळहून पायी येताना कित्येक दिवसांनी बरे वाटत होते.

वाडीत शिरलो तेव्हा चार. नळावर सुभद्रा पाय धूत होती.

शुक्रवारची बोट मिळाली म्हणून हरेश्वर एक दिवस आधी घेऊन आला. पत्र मिळाले नाही. तार मिळाली नाही. मी विचारले, मालन? सुभद्रा हसून म्हणाली, ती थांबतेय थोडीच, केव्हाच वर पळाली.

मी म्हणालो, वर कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात होती, ती हातात घेऊन दाखवली. काशीबाई गॅलरीत उभी होती. तिने वरूनच सांगितले, "दार उघडंच होतं, मास्तर. पोरगी गेली आत. मी हाक मारली, थांब म्हटलं—"

मालन आतल्या खोलीत पाटावर बसली होती. केस ओले होते.

रविवार, १४ नोव्हेंबर

आमच्या एकत्र घरात काका लोकांचे ऐकून मालन लहानपणापासून सुभद्रेला "वहिनी" म्हणते. कधी दुसरे काही म्हटलेले नाही.

काल लगेच परळला निघायचे होते, पण मालन पाटावरच झोपी गेली, उठवून उठेना. सकाळी तिची वेणी घातलेली होती. घट्ट, चार पेडांची. सुभद्रेला चार पेडांची येत नाही. तिने विचारले, कोणी घातली ग? मालन म्हणाली, आईनं.

सुभद्रेला वाटले, आजीबद्दल बोलते. पण मालन माझ्या आईला आजीच म्हणते, आई नव्हे.

सगळे सांगितले सुभद्रेला. तिने एकदाच विचारले, का बोललात? मग बांधाबांध करायला उठली.

सोमवार, १५ नोव्हेंबर

दारातून नेता येत नाही.

उंबऱ्याशी आली की अंग विस्तवासारखे होते, डोळे वर जातात, दातखीळ. मागे घेतली की उतरते. तीनदा. हरेश्वरने उचलून धावत नेऊन पाहिले. गॅलरीत चार पावलांवर श्वास बंद झाला. निळी पडली. परत आणली.

आत आली की हसते. जेवायला बसवली तर म्हणते, मी जेवले.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

सुभद्रा मोठ्याने भांडली. रिकाम्या कोपऱ्याशी. माझी आहे, मी नऊ महिने वाहिली आहे, तुझी गेली, हिला सोड. काशीबाई दारात उभी राहून रडत होती. म्हणाली, ग शेवंते, तू अशी नव्हतीस ग.

काही झाले नाही. थोड्या वेळाने मालन म्हणाली, वहिनीला सांग ना, ओरडू नको. आईचं डोकं दुखतं.

बुधवार, १७ नोव्हेंबर

तपासणीवाले परवा येणार, गणपतने सांगितले. तापाचे माणूस दिसले की नेतात. मालनला दाराबाहेर नेतील. मग—

सकाळी माझ्या जांघेत गाठ लागली. सुपारीएवढी. दवाखाने हिंडलो तिथली असेल. कोणाला सांगितले नाही. सुभद्रेला जवळ येऊ देत नाही, काम आहे म्हणतो.

विचार केला. भिऊन नव्हे, शांतपणे. मी काय म्हणालो होतो? तुमच्या शांतीला. तिच्या जागी दुसरी नव्हे. मालनला ठेवून घेतले तरी माझा शब्द पुरा होत नाही. तिला हे ठाऊक असले पाहिजे. आईला ठाऊक असतेच. ती फक्त— वाट पाहून थकली आहे.

माझा शब्द मलाच पुरा करावा लागेल. आता जमण्यासारखे आहे.

गुरुवार, १८ नोव्हेंबर, दुपार

हरेश्वरने गाडी आणली. सुभद्रेला दाराबाहेर उभे केले. मी आत. मालन भिंतीकडे तोंड करून निजली होती.

मोठ्याने बोललो. बाणगंगेवर बोललो होतो तसा. म्हणालो, "बाई, ही तुमची नव्हे. तुमची जिथे आहे तिथे मी निघालो आहे. दोन दिवस लागतील, कमीच. हिला सोडा. मी तुमची शोधून आणतो."

कावळा नव्हता. काही नव्हते. वाट पाहिली. खिडकीतले ऊन वीतभर सरकले.

मालन उठून बसली. डोळे चोळले. म्हणाली, वहिनी कुठाय?

गेली. उंबरा ओलांडून, आपल्या पायांनी. सुभद्रेने तिला पोटाशी धरले, कपाळाला हात लावला, माझ्याकडे पाहिले. ताप नव्हता. तुम्ही? असे विचारले तिने. मी म्हणालो, कुलूप लावतो, मेहत्याला किल्ली देतो, संध्याकाळपर्यंत परळला येतो. पुढे व्हा.

खोटे बोललो. जमले.

मालनने गाडीतून माझ्याबद्दल विचारलेले ऐकू आले, नाना शाळेत कधी नेणार? गुणाजींच्या परळच्या घराजवळ मुलींची शाळा आहे का, विचारायचे राहिले. सुभद्रा विचारील. ती नेईल तिला. आता नेईल.

चाके वाडीबाहेर गेली. मग नाही ऐकू आली.

दार आतून लावले आहे. गणपतला चिठ्ठी सरकवली, आत येऊ नका, तपासणीवाल्यांनाच येऊ द्या.

दुपारनंतर

अंग जळते आहे. अक्षर हलते. गाठ लिंबाएवढी.

एक शंका. शब्द दिला तो नीट विचार करून दिला का? पुन्हा तीच चूक? गेल्या हिवाळ्यात हजारो माणसे गेली. तिथे गर्दी असणार. नऊ वर्षांच्या किती. शांती नावाच्या किती. वहीत नाव आणि वय इतकेच होते. मी तिला कधी पाहिलेले नाही. दुसऱ्याच कुणाची पोर उचलून आणली तर—

म्हणून विचारले. ओळखू कशी, सांगा.

उशाशी कोणी बसले आहे. घाई नाही. आठवून आठवून सांगते आहे. बारीक आहे, म्हणते. गव्हाळ. पुढचा दात नुकता पडला होता. हाक मारली की लगेच ओ देत नाही, दोनदा मारा. आणि डाव्या भुवईच्या वर खोक आहे, इथे—

कपाळावरचा हात थंड आहे— इथे, केसांत जाते ती—